संगीत-परीक्षा व संगीतशास्त्राचे अध्ययन

संगीत-परीक्षा : गायन, वादन व नृत्य यांच्या शिक्षणाची क्रमवार पायऱ्यांत विभागणी करून प्रत्येक पायरीअखेर विद्यार्थ्याची क्रियात्मक व शास्त्रविषयक पात्रता अजमावणारी आणि तिचे प्रमाणपत्र देणारी व्यवस्था. हिंदुस्थानी संगीताच्या क्षेत्रात ही व्यवस्था विसाव्या शतकात रूढ झाली व तिच्या घडणीत महाराष्ट्रीय संगीतज्ञांचा वाटा सर्वांत मोठा आहे. या परीक्षांचा क्रियात्मक भाग परंपरागत तालमीशी नाते सांगतो. शास्त्राची लेखी प्रश्नपत्रिका ही मात्र सर्वस्वी नवी गोष्ट होय. जी विद्या शतकानुशतके कानाने घेतली व गळ्याने दिली गेली, ती कागदावर कशी तपासावयाची, हा प्रश्न या प्रश्नपत्रिकेबरोबरच निर्माण झाला. मध्यमा व विशारद या मधल्या व वरच्या पायऱ्यांवरील शास्त्राच्या अभ्यासक्रमात तो विशेष ठळकपणे दिसतो.

पार्श्वभूमी : प्राचीन ग्रंथकारांनी संगीताची दोन अंगे मानली : प्रत्यक्ष प्रचारात असलेले गायन-वादन ते ‘लक्ष्य’ आणि त्याचे नियम सांगणारे शास्त्र ते ‘लक्षण’. भरताचे नाट्यशास्त्र, तेराव्या शतकातील शार्ङ्गदेवाचा संगीतरत्नाकर, सतराव्या शतकातील अहोबलाचा संगीतपारिजात व व्यंकटमखीची चतुर्दंडीप्रकाशिका हे लक्षणग्रंथांपैकी प्रमुख होत. मध्ययुगात उत्तरेकडील संगीतात मोठी स्थित्यंतरे झाली आणि ग्रंथ व प्रचार यांत अंतर पडत गेले. एकोणिसाव्या शतकापर्यंत बहुसंख्य व्यावसायिक कलावंतांचा संस्कृत ग्रंथांशी संबंध उरला नव्हता आणि संस्कृत पंडितांना त्या ग्रंथांतील संगीत ऐकून ठाऊक नव्हते. विद्या घराण्यांतून चालत आली. शिष्याने गुरूच्या घरी राहावे, सेवा करावी, गंडा बांधून घ्यावा आणि गुरू देईल तेव्हा व देईल तेवढे घ्यावे, असा तिचा क्रम होता. तीत पायऱ्या नव्हत्या, मुदत नव्हती आणि लेखी प्रश्न तर नव्हतेच. शिष्य तयार झाला की नाही, हे गुरू ठरवी आणि त्यानंतर मैफलीतील जाणते श्रोते ठरवीत.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नव्या सुशिक्षित वर्गाची संगीताकडे पाहण्याची दृष्टी बदलू लागली. मुंबईत १८७० साली पारशी मंडळींच्या पुढाकाराने ‘गायन उत्तेजक मंडळी’ आणि पुण्यात १८७४ साली ‘गायन समाज’ या संस्था स्थापन झाल्या. बडोद्यास सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाखाली मौलाबक्ष यांनी १८८६ साली गायनशाळा सुरू केली व स्वरलिपीच्या साहाय्याने वर्गात शिकविण्याचा प्रयोग केला. १८८० साली किर्लोस्करांचे संगीत शाकुंतल रंगभूमीवर आल्यानंतर रागदारीवर आधारलेल्या चाली मध्यमवर्गीय घरांतून ऐकू येऊ लागल्या. गाणे ऐकणारा व ते शिकू इच्छिणारा वर्ग अशा रीतीने वाढला. तथापि गुरुगृही वर्षानुवर्षे राहणे या वर्गाला शक्य नव्हते. मुलींच्या बाबतीत तर तो मार्ग बहुधा बंदच होता. शाळा, इयत्ता, पुस्तक व परीक्षा ही ओळखीची चौकट संगीतालाही लावता येईल काय, असा विचार या परिस्थितीतून पुढे आला.

पलुस्कर यांची शिक्षणसंस्था : या विचाराला व्यापक प्रमाणावर मूर्त रूप दिले ते विष्णू दिगंबर पलुस्कर (१८७२–१९३१) यांनी. कुरुंदवाड येथे जन्मलेल्या पलुस्करांची दृष्टी लहानपणी दारूकामाच्या अपघाताने अधू झाली. मिरज येथे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याकडे त्यांनी ग्वाल्हेर घराण्याची तालीम घेतली. १८९६ साली मिरज सोडल्यानंतर उत्तर हिंदुस्थानात भ्रमंती करून त्यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालयाची स्थापना केली. एखाद्या संस्थानिकाच्या दरबारावर अवलंबून न राहता लोकांच्या देणग्या, विद्यार्थ्यांचे शुल्क व जाहीर मैफलींचे उत्पन्न यांवर ही संस्था चालविण्यात आली. १९०८ साली तिची शाखा मुंबईत निघाली.

पलुस्करांनी अभ्यासक्रमाची वर्षवार आखणी केली, स्वतंत्र स्वरलेखनपद्धती तयार केली आणि संगीत बालप्रकाश, रागप्रवेश यांसारखी क्रमिक पुस्तके छापून प्रसिद्ध केली. पुढे संगीतशिक्षक होऊ इच्छिणाऱ्यांसाठी त्यांनी उपदेशक-वर्ग चालविला. या वर्गातील शिष्य दीर्घ मुदतीच्या करारावर विद्यालयातच राहात. म्हणजे शाळेच्या चौकटीतही त्यांनी गुरुगृहवास टाकून दिला नव्हता. कर्जामुळे १९२४ च्या सुमारास मुंबईचे विद्यालय बंद पडले व इमारत गेली. परंतु तोपर्यंत शिक्षकांची एक पिढी तयार झाली होती. विनायकराव पटवर्धन, ओंकारनाथ ठाकूर, नारायण मोरेश्वर खरे, शंकरराव व नारायणराव व्यास, बा. र. देवधर ही त्यांपैकी काही प्रमुख नावे होत.

भातखंडे यांची शास्त्ररचना : विष्णू नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांचा मार्ग वेगळा होता. व्यवसायाने वकील असलेल्या भातखंड्यांचा १८८४ पासून गायन उत्तेजक मंडळीशी संबंध आला व तेथे त्यांना अनेक कलावंत ऐकावयास मिळाले. ‘प्रचारात काय आहे’ याची नोंद आधी करावी आणि मग त्याचा नियम शोधावा, अशी त्यांची भूमिका होती. देशभर प्रवास करून त्यांनी ग्रंथालये धुंडाळली, गायकांकडून शेकडो चिजा मिळविल्या व त्यांचे स्वरलेखन केले. १९१० साली ‘चतुरपंडित’ या टोपणनावाने प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या संस्कृत ग्रंथाचे श्रीमल्लक्ष्यसंगीतम् हे नावच त्यांची दृष्टी सांगते. लक्ष्य, म्हणजे प्रत्यक्ष गाणे, हे शास्त्राचे प्रमाण. त्यांचा हिंदुस्थानी संगीत पद्धति हा चार भागांचा मराठी ग्रंथ गुरुशिष्यांच्या प्रश्नोत्तरांच्या रूपात लिहिलेला आहे. त्यांनी मिळविलेल्या चिजा क्रमिक पुस्तक मालिकेच्या सहा भागांत संगृहीत झाल्या आहेत.

प्रचारातील राग त्यांनी बिलावल, कल्याण, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी व तोडी अशा दहा थाटांत बसविले. १९१६ साली बडोदे येथे भरलेल्या परिषदेपासून अखिल भारतीय संगीत परिषदांचे जे सत्र सुरू झाले, त्याचे ते प्रवर्तक होते. ग्वाल्हेरचे माधव संगीत महाविद्यालय (१९१८) व लखनौचे मॅरिस कॉलेज (१९२६) यांच्या उभारणीत त्यांचा प्रमुख भाग होता. लखनौच्या या संस्थेची धुरा पुढे त्यांचे शिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर (१९००–७४) यांनी सांभाळली.

परीक्षामंडळ व त्याच्या पायऱ्या : पलुस्करांच्या निधनानंतर त्यांच्या शिष्यांनी १९३१ साली अहमदाबाद येथे गांधर्व महाविद्यालय मंडळाची स्थापना केली. हेच पुढे ‘अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ’ या नावाने ओळखले जाऊ लागले. निरनिराळ्या गावी स्वतंत्रपणे चालणाऱ्या विद्यालयांचा अभ्यासक्रम व परीक्षा एकसूत्री ठेवणे, हा त्यामागील हेतू होता. विनायकराव पटवर्धन यांनी १९३२ साली पुण्यास गांधर्व महाविद्यालय काढले. देवधरांची मुंबईतील संगीतशाळा १९२५ पासून चालू होती. १९४७ साली सुरू झालेले संगीत कला विहार हे मंडळाचे मासिक देवधरांनी अनेक वर्षे संपादित केले. अलाहाबादची प्रयाग संगीत समिती (१९२६) व लखनौचे भातखंडे संगीत विद्यापीठ यांच्याही परीक्षा उत्तरेत प्रचलित झाल्या. महाराष्ट्रात मात्र गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षांचाच प्रसार सर्वाधिक झाला.

मंडळाच्या परीक्षांचा क्रम प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम, मध्यमा पूर्ण, विशारद प्रथम, विशारद पूर्ण, अलंकार प्रथम व अलंकार पूर्ण असा आहे. परीक्षा वर्षातून दोन सत्रांत, उन्हाळ्यात व दिवाळीनंतर, घेतल्या जातात. आरंभीच्या पायऱ्यांवर शास्त्राचे प्रश्न तोंडी विचारले जातात. वर जावे तसे लेखी परीक्षेचे महत्त्व वाढते. विशारद ही परीक्षा सामान्यतः पदवीच्या आणि अलंकार ही पदव्युत्तर शिक्षणाच्या तोडीची समजली जाते. प्रत्यक्ष परीक्षेसाठी परीक्षक बाहेरून येतो. विद्यार्थ्याचा गुरू त्याचा परीक्षक नसतो, हे या पद्धतीचे एक महत्त्वाचे वैशिष्ट्य होय.

या ठिकाणी एक ऐतिहासिक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. परीक्षामंडळ पलुस्करांच्या परंपरेतील असले, तरी त्याच्या लेखी परीक्षेत विचारले जाणारे शास्त्र बव्हंशी भातखंड्यांनी मांडलेले आहे. थाट, वादी-संवादी, रागसमय व रागांच्या जाती ही त्यातील प्रमुख प्रकरणे त्यांच्या ग्रंथांच्या आधारे शिकविली जातात. हयातीत ज्यांच्या कार्यपद्धती भिन्न होत्या, अशा दोन विष्णूंचा समन्वय अशा रीतीने परीक्षेच्या अभ्यासक्रमात झाला.

शास्त्राचा अभ्यासक्रम : मध्यमा व विशारद या पायऱ्यांवरील शास्त्रविषयाचे स्थूलमानाने पाच विभाग पडतात : स्वरलेखन, थाट व रागवर्गीकरण, रागांचे तौलनिक ज्ञान, श्रुतिस्वरांचा इतिहास, ताल व लयकारी. यांशिवाय घराणी, गीतप्रकार, वाद्ये व थोर संगीतज्ञांची चरित्रे यांवरही प्रश्न असतात.

(१) स्वरलेखन : विद्यार्थ्याला भातखंडे व पलुस्कर या दोन्ही पद्धती याव्या लागतात. भातखंडे-पद्धतीत स्वराखाली आडवी रेघ कोमल स्वर व मध्यमावर उभी रेघ तीव्र मध्यम दाखविते. स्वराच्या डोक्यावरील बिंदू तारसप्तकाचा, तर खालील बिंदू मंद्रसप्तकाचा असतो. पलुस्कर-पद्धतीत डोक्यावरील बिंदू मंद्रसप्तक दर्शवितो व तारसप्तकासाठी वर उभी रेघ देतात. एकाच चिन्हाचा अर्थ दोन पद्धतींत असा उलट असल्यामुळे त्यांचे मिश्रण झाले, तर चीज सप्तकच सोडून जाते. तालचिन्हांतही फरक आहे. भातखंडे-पद्धतीत सम गुणिले-चिन्हाने व खाली शून्याने, तर पलुस्कर-पद्धतीत सम एकच्या आकड्याने व खाली अधिकचिन्हाने दाखवितात. पलुस्कर-पद्धतीत एक, अर्धी, पाव अशा मात्रांसाठी स्वराखाली निरनिराळी चिन्हे असल्याने कालमान नेमके कळते. भातखंडे-पद्धतीत एका मात्रेतील स्वर कमानीने एकत्र बांधले जातात. त्यामुळे ती लिहिण्यास व छापण्यास सुलभ ठरली आणि अधिक प्रचारात आली.

(२) थाटांचे व रागांचे गणित : सप्तकातील बारा स्वरांतून षड्ज व पंचम अचल धरले आणि उरलेल्या पाच स्वरांपैकी प्रत्येकाचे एक रूप घेतले, तर २ × २ × २ × २ × २ = ३२ थाट होतात. व्यंकटमखीने पूर्वांगाचे ६ व उत्तरांगाचे ६ प्रकार मानून आणि मध्यमाची दोन रूपे घेऊन ६ × ६ × २ = ७२ मेल सिद्ध केले. एका थाटातून किती राग संभवतात, हा परीक्षेतील नेहमीचा प्रश्न आहे. आरोहात सात स्वरांचा १, षड्ज कायम ठेवून एक स्वर वर्ज्य केल्यास सहा स्वरांचे ६ आणि दोन स्वर वर्ज्य केल्यास पाच स्वरांचे १५, असे २२ प्रकार होतात. अवरोहाचेही तितकेच होतात. म्हणून एका थाटातून २२ × २२ = ४८४ आणि ७२ मेलांतून ४८४ × ७२ = ३४,८४८ राग गणिताने निघतात.

हे उत्तर पाठ करणे सोपे आहे. त्याचा अर्थ समजणे मात्र वेगळे. प्रचारात असलेल्या रागांची संख्या या आकड्याच्या मानाने अगदीच थोडी आहे. दुसरीकडे, हे गणित ज्यांना एक समजेल असे आरोहावरोह प्रचारात दोन स्वतंत्र राग म्हणून गायिले जातात. भूपाली व देशकार या दोहोंत सा, रे, ग, प, ध हेच पाच शुद्ध स्वर आहेत. तरीही भूपाली कल्याण थाटात व देशकार बिलावल थाटात घातला जातो. पहिल्यात गंधार वादी असून त्याचा विस्तार पूर्वांगात होतो, दुसऱ्यात धैवत वादी असून त्याचा ओढा उत्तरांगाकडे असतो. राग हा स्वरांच्या संचाहून निराळा आहे, हे या जोडीवरून जितके स्पष्ट होते, तितके कोणत्याही व्याख्येवरून होत नाही. परंतु ते स्पष्ट होण्यासाठी दोन्ही राग ऐकलेले असावे लागतात.

(३) रागांचे तौलनिक ज्ञान : समप्रकृतिक रागांची तुलना हा विशारद-स्तरावरील महत्त्वाचा भाग होय. मारवा, पूरिया व सोहनी या तिन्ही रागांत रिषभ कोमल, मध्यम तीव्र, बाकीचे स्वर शुद्ध व पंचम वर्ज्य असतो. पूरियाचा विस्तार मंद्र व मध्य सप्तकांत, सोहनीचा मुख्यतः तारसप्तकाच्या अंगाने होतो आणि मारव्यात रिषभ-धैवतांचे प्राबल्य असते. वादी व संवादी यांत नऊ किंवा तेरा श्रुतींचे अंतर असावे, असा प्राचीन संवादाचा नियम आहे. मारव्यात मात्र कोमल रिषभ वादी व शुद्ध धैवत संवादी सांगतात आणि त्या दोहोंत हा संवाद जुळत नाही. नियमाला प्रचाराने दिलेला हा अपवाद चांगला विद्यार्थी शोधून काढतो. केवळ पाठांतर केलेला विद्यार्थी नियम व अपवाद दोन्ही शेजारी लिहितो आणि त्याला विसंगती जाणवत नाही.

रागसमयाचा सिद्धांतही याच विभागात येतो. कोमल रिषभ व शुद्ध गंधार घेणारे राग संधिप्रकाशकाली गावेत. त्यांत शुद्ध मध्यमाचे प्राबल्य असल्यास राग प्रातःकालीन व तीव्र मध्यमाचे असल्यास सायंकालीन समजावा. म्हणून मध्यमाला ‘अध्वदर्शक’, म्हणजे वाट दाखविणारा, स्वर असे म्हणतात. एका वर्गातील रागांकडून दुसऱ्या वर्गातील रागांकडे नेणाऱ्या रागाला परमेलप्रवेशक राग ही संज्ञा आहे. उदा., जयजयवंती.

(४) श्रुतिस्वरांचा इतिहास : सप्तकातील २२ श्रुती सात स्वरांत ४, ३, २, ४, ४, ३, २ अशा वाटलेल्या आहेत, यावर प्राचीन व आधुनिक ग्रंथकारांचे एकमत आहे. प्राचीनांनी स्वर आपल्या शेवटच्या श्रुतीवर मानला, भातखंड्यांनी तो पहिल्या श्रुतीवर ठेवला. त्यामुळे प्राचीनांचे शुद्ध सप्तक आजच्या काफीच्या जवळ जाते आणि आजचे शुद्ध सप्तक बिलावलाचे ठरते. बिलावलास शुद्ध सप्तक मानण्याच्या संदर्भात महंमद रझा यांच्या नगमात-ए-आसफी (१८१३) या ग्रंथाचा उल्लेख करण्यात येतो. श्रीनिवासाच्या मतानुसार ३६ इंचांच्या तारेवर षड्ज ३६, मध्यम २७, पंचम २४ व तारषड्ज १८ इंचांवर येतो. त्याचा शुद्ध गंधार ३० इंचांवर, म्हणजे आजच्या कोमल गंधाराच्या जागी, असतो. भरताची सारणाचतुष्टयी, म्हणजे एक वीणा स्थिर ठेवून दुसरी क्रमाक्रमाने उतरवीत नेऊन श्रुती सिद्ध करण्याचा प्रयोग, हाही या अभ्यासाचा भाग आहे.

श्रुतींच्या प्रश्नावर विसाव्या शतकाच्या आरंभी महाराष्ट्रात मोठे वाद झाले. कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींची गणिती प्रमाणे निश्चित करण्याचा प्रयत्न केला (१९१०). इंग्रज सनदी अधिकारी क्लेमंट्स यांच्या साहाय्याने श्रुती दाखविणारी पेटीही तयार करण्यात आली. अब्दुल करीमखाँ यांच्यासारख्या श्रेष्ठ गायकाचा या संशोधनाशी संबंध आला. बडोद्याच्या परिषदेत या विषयावर चर्चा झाली. परीक्षार्थी ज्या प्रश्नाचे उत्तर अर्ध्या पानात लिहितो, त्यामागे वीणा, पेटी व गळा यांच्या साहाय्याने केलेली अशी खटपट आहे.

(५) लयकारी : तालाचा ठेका दुगुन, तिगुन, चौगुन, तसेच आड (दीडपट), कुआड (सव्वापट) व बिआड (पावणेदोनपट) लयींत लिहिणे विद्यार्थ्याला यावे लागते. उदा., झपतालाच्या दहा मात्रा तिगुनीत ३ १/३ मात्रांत संपतात. एकाच आवर्तनात तिगुन करून समेवर यावयाचे, तर ती ६ २/३ मात्रांनंतर सुरू करावी लागते. म्हणून सातव्या मात्रेत दोन तृतीयांश काळ अवग्रहाने सोडून ‘ऽ ऽ धीं’ व पुढील तीन मात्रांत ‘ना धीं धीं’, ‘ना तीं ना’, ‘धीं धीं ना’ असे लिहितात. शास्त्राच्या सर्व प्रश्नांत हाच प्रश्न असा आहे, की ज्याचे उत्तर हाताने टाळी देऊन ताबडतोब पडताळता येते. कागदावरचे गणित चुकले, तर सम हुकते.

पाश्चात्त्य श्रेणी-परीक्षांशी तुलना : इंग्लंडमध्ये ट्रिनिटी महाविद्यालयाने १८७७ पासून बाहेरील विद्यार्थ्यांच्या संगीत-परीक्षा सुरू केल्या. तेथील राजकीय संगीतसंस्थांचे संयुक्त परीक्षामंडळ १८८९ साली स्थापन झाले. आठ श्रेणींच्या या परीक्षा ब्रिटिश साम्राज्यात सर्वत्र पसरल्या. मुंबई व गोव्यातील पाश्चात्त्य संगीताचे विद्यार्थी आजही या परीक्षांना बसतात. संयुक्त मंडळाच्या नियमानुसार सहाव्या श्रेणीच्या वादन-परीक्षेस बसण्यापूर्वी पाचव्या श्रेणीची शास्त्रपरीक्षा किंवा तिला पर्यायी मानलेली परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. दोन्ही पद्धतींत शास्त्र हे वरच्या पायरीचे प्रवेशद्वार मानले आहे. त्यांतील भेद मूलगामी आहे. पाश्चात्त्य अभिजात संगीत लिखित रचनेवर उभे असल्याने शास्त्र शिकणे म्हणजे बऱ्याच अंशी समोरचे पान वाचावयास शिकणे होय. हिंदुस्थानी संगीतात लिखित स्वरावली हे केवळ स्मरणाचे साधन आहे. चीज कशी वाढवावी, कोणत्या स्वरावर किती थांबावे, कोमल रिषभ किती उतरता लावावा, हे त्या पानावर नसते. त्यामुळे लेखी शास्त्र व प्रत्यक्ष कला यांतील अंतर येथे अधिक राहते.

टीका व परिणाम : शास्त्रविषयक ज्ञान ही कलावंताची कसोटी होऊ शकते काय, हा वाद परीक्षागृहाबाहेरही गाजला. १९५२ साली बा. वि. केसकर केंद्रीय माहिती व नभोवाणी मंत्री झाल्यानंतर आकाशवाणीने कलावंतांच्या ध्वनिचाचणीची नवी पद्धत आणली. तिच्याशी रातंजनकरांचा निकटचा संबंध होता. वंशपरंपरेने गाणाऱ्या-वाजविणाऱ्या अनेक कलावंतांनी या चाचणीस विरोध केला. ज्यांच्या घराण्यांतील चिजा व राग गोळा करूनच नवे शास्त्र सिद्ध झाले होते, त्यांनाच त्या शास्त्राच्या परिभाषेत परीक्षा देण्याची वेळ आली होती. लक्ष्य व लक्षण यांच्या क्रमाची ही उलटापालट होय.

दहा थाटांच्या रचनेवर शास्त्रीय आक्षेपही घेण्यात आले. ओंकारनाथ ठाकूर यांनी भरताच्या परंपरेचा आधार घेऊन या वर्गीकरणास विरोध केला. थाट हा स्वरसंच दाखवितो, रागाचे अंग दाखवीत नाही, हा आक्षेप आजही अभ्यासकांत मान्यता पावलेला आहे. तरीही सोपेपणामुळे अभ्यासक्रमात थाटपद्धती टिकून आहे. स्वतः भातखंड्यांनी आपले नियम प्रचाराच्या निरीक्षणातून काढले होते व प्रचार बदलल्यास नियम बदलावा, हे त्यांच्या भूमिकेतच अनुस्यूत होते. परीक्षेच्या सोयीसाठी काढलेल्या प्रश्नोत्तरांच्या पुस्तिकांत मात्र ते नियम अपरिवर्तनीय वचनांप्रमाणे छापले गेले. प्रश्नोत्तराचे जे रूप भातखंड्यांनी शिष्याची जिज्ञासा जागी ठेवण्यासाठी योजिले, तेच रूप पाठांतराचे साधन झाले. एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात महाराष्ट्रात शास्त्रीय कलांच्या मान्यताप्राप्त परीक्षा उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यांना दहावीच्या परीक्षेत अतिरिक्त गुण देण्याची सवलत मिळाली. त्यामुळे परीक्षार्थींना एक नवे आकर्षण निर्माण झाले व त्याबरोबरच, संगीतासाठी परीक्षा की गुणांसाठी संगीत, हा प्रश्नही नव्याने उपस्थित झाला.

असे असले, तरी या परीक्षांमुळे झालेला सामाजिक लाभ मोठा आहे. संगीत शिकण्यासाठी घराण्यात जन्म घेण्याची किंवा दूरच्या शहरी गुरुगृही राहण्याची अट त्यांनी सैल केली. मध्यमवर्गीय मुलींना गाणे शिकण्यास समाजमान्यता मिळण्यात ‘परीक्षेचा अभ्यास’ या शब्दांचा वाटा थोडा नाही. गावोगावच्या शाळांना संगीतशिक्षक मिळाले, तेही या परीक्षांतूनच. पुणे जिल्ह्याच्या मुळशी तालुक्यातील उरवडे यासारख्या गावाचा विचार केला, तर हा लाभ व त्याची मर्यादा दोन्ही ध्यानात येतात. पिरंगुटच्या परिसरातील हे गाव पुणे शहराच्या पश्चिमेस आहे. ज्या शहरात गायन समाज निघाला, भास्करबुवा बखले यांनी १९११ साली भारत गायन समाज स्थापिला व विनायकरावांनी विद्यालय चालविले, ते येथून एका दिवसात जाऊन येण्याच्या अंतरावर आहे. अशा गावच्या विद्यार्थ्याला लेखी अभ्यासक्रम, छापील पुस्तक व ठरलेली परीक्षा यांमुळे शहरातील विद्यार्थ्याच्या बरोबरीने एकाच मापाने मोजले जाण्याची संधी मिळते. पुस्तक त्याच्या हाती सहज पडते. मारवा व पूरिया यांतील भेद कानावर घालणारा शिक्षक मात्र तितक्या सहजतेने मिळत नाही. याउलट मावळ-मुळशीच्या भागात ज्याच्या कानावर लहानपणापासून भजनातील चाली पडल्या आहेत, त्याला भूपालीची ओळख तिच्या नावाच्या आधी झालेली असते. त्याच्या बाबतीत शास्त्राचे काम ऐकलेल्याला नाव देणे एवढेच असते आणि हाच शास्त्राचा मूळ क्रम होय.

मूल्यमापन : संगीतशास्त्राची लेखी परीक्षा ही गाण्याची परीक्षा नव्हे. ती तशी आहे असे तिच्या प्रवर्तकांनीही मानले नव्हते. पलुस्करांनी शाळा काढली, तरी उपदेशकांना आपल्याजवळ ठेवून घेतले आणि भातखंड्यांनी ग्रंथ लिहिले, तरी ते गायकांच्या दारी बसून लिहिले. लेखी शास्त्राचा उपयोग विद्यार्थ्याने घेतलेले ज्ञान सुव्यवस्थित करणे, निरनिराळ्या घराण्यांच्या लोकांना एकमेकांशी बोलता येईल अशी परिभाषा देणे आणि जुन्या ग्रंथांचा मार्ग मोकळा करणे हा आहे. ज्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी विद्यार्थ्याला पुन्हा तंबोऱ्याकडे किंवा तबल्याकडे वळावे लागते, तो प्रश्न शास्त्राचा हेतू सफल करतो. ज्याचे उत्तर राग न ऐकताही पूर्ण गुण मिळवून देते, तो केवळ स्मरणशक्ती तपासतो. अभ्यासक्रम आखणारे, प्रश्नपत्रिका काढणारे व शिकविणारे या भेदाचे भान किती ठेवतात, यावर या परीक्षांचे सांगीतिक मूल्य अवलंबून आहे. आधी लक्ष्य व मग लक्षण हा भातखंड्यांनी घालून दिलेला क्रम अध्यापनात पाळला गेला, तर मध्यमा-विशारदाच्या शास्त्राचा अभ्यास गळ्यातील विद्येला पूरक ठरतो.